सप्तपर्णीच्या पुटकुळ्या

आमच्या सोसायटीत जिन्याखाली एक सूचनाफलक आहे. पाणी कमी दाबाने येईल, लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद राहील, अमुक सदस्यांचं शुल्क थकलं आहे, अशा बातम्या तिथे लागतात. गेल्या आठवड्यात तिथे एक नवा कागद लागला. मजकूर साधारण असा होता: आवारातील सप्तपर्णीच्या झाडाला रोग झाला असून पानांवर फोड आले आहेत, इतर झाडांना लागण होऊ नये म्हणून औषध फवारावे की झाड काढून टाकावे याचा निर्णय रविवारच्या सभेत घेतला जाईल. खाली सही, शिक्का.

मी चष्मा पुसून कागद दोनदा वाचला. जन्मभर वह्या तपासल्यामुळे माझं लक्ष आधी शुद्धलेखनाकडे जातं. शुद्धलेखन ठीक होतं, चुका मजकुरात होत्या. ‘रोग’ ही एक, ‘लागण’ ही दुसरी आणि ‘फवारावे’ ही तिसरी. हातात लाल पेन असतं तर तिथेच तीन गोल काढले असते.

पण मंडळी, मला हसायचा अधिकार नाही. यातली पहिली चूक मी स्वतः केलेली आहे, आणि तीही वर्गात, खुर्चीवर बसून.

माझा मूळ विषय मराठी. पण लहान गावातल्या शाळेत शिक्षक मोजके असतात, त्यामुळे सामान्य विज्ञानाचा तासही काही वर्षं माझ्याकडे होता. पुस्तकात असेल ते वाचायचं, फळ्यावर आकृती काढायची, प्रश्नोत्तरं लिहून द्यायची, अशी ती गाडी चालली होती. एक दिवस सातवीतला एक मुलगा ओढ्याकाठच्या उंबराचं पान घेऊन आला. पानावर गोल गोल टेंगळं आलेली. मला म्हणाला, “बाई, हे काय आहे?” मी म्हटलं, “रोग आहे तो. झाडाला कांजिण्या आल्यात असं समज.” त्याचं समाधान झालं नाही. तो म्हणाला, “पण मला कांजिण्या आल्या तेव्हा फोड लहानमोठे होते. हे सगळे एकसारखे कसे?”

मला उत्तर येत नव्हतं. येत नाही असं म्हणायलाही येत नव्हतं. मी म्हटलं, “टाक ते पान. हात धुऊन ये.” त्याने पान टाकलं, हात धुतले आणि वर्षभर पुन्हा काही विचारलं नाही. त्या मुलाने आता पन्नाशी ओलांडली असेल. त्याचा प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली, पुढे नातीने संगणकावर शोधाशोध करायला शिकवलं, तेव्हा कुठे कळलं की त्या दिवशी वर्गातला सगळ्यात शहाणा प्रश्न मी ओढ्यात फेकायला लावला होता.

असो. तर आधी पानाकडे.

कागद वाचल्यावर मी खाली जाऊन सप्तपर्णीचं एक गळलेलं पान आणि हाताशी आलेल्या फांदीवरचं एक ताजं पान घेऊन आले. शिवणाच्या डब्यातलं ब्लेड घेतलं, नातवाचं भिंग घेतलं आणि खिडकीशी बसले. ताज्या पानावर दोन्ही बाजूंनी उठून दिसणाऱ्या हिरव्या टणक पुटकुळ्या होत्या. एक हलक्या हाताने कापली. आत एक चिमुकली खोली. खोलीत तिळाहूनही लहान, फिकट रंगाचा, चपटा जीव. उजेड पडल्यावर त्याने पाय हलवले. दुसरी कापली, आत तसाच एक. गळलेल्या पानावरच्या पुटकुळ्या उलून उघड्या पडल्या होत्या आणि आत कुणी नव्हतं. मंडळी पंख फुटून निघून गेली होती.

या रहिवाशाला सायलिड म्हणतात. मावा आणि तुडतुडे यांच्या नात्यातला, रस शोषणारा कीटक. सप्तपर्णीवर येणारी त्याची जात सप्तपर्णीचंच झाड धरून राहते. अशा वाढीला इंग्रजीत ‘गॉल’ म्हणतात. मी आपली ‘गाठ’ म्हणते. गाठी घडवून आणणाऱ्या कीटकांच्या सुमारे १३,००० जाती शास्त्रज्ञांनी नोंदवल्या आहेत आणि खरी संख्या त्याहून बरीच मोठी असणार असं ते मानतात. त्यांत नाजूक माश्या आहेत, गांधीलमाशीच्या नात्यातल्या बारीक माश्या आहेत, मावा आहे, फुलकिडे आहेत. करंजाच्या पानावर बोटांसारखी उभी राहणारी टेंगळं पाहिली असतील, ती कोळ्याच्या नात्यातला एक अतिसूक्ष्म जीव करवतो. आंब्याच्या पानावरचे बारीक मस्से वेगळ्या माश्यांचे. आपल्याकडे या विषयाचा मोठा अभ्यास एम. एस. मणी यांनी केला. वनस्पतींवरच्या गाठींबद्दल त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९६४ साली आला आणि जगभरच्या अभ्यासकांनी तो वापरला.

आता त्या मुलाचा प्रश्न: सगळ्या एकसारख्या कशा?

हा प्रश्न फार मोठ्या माणसांनाही पडला होता. सतराव्या शतकात इटलीत फ्रान्सेस्को रेदी नावाचे वैद्य होते. सडलेल्या मांसात अळ्या आपोआप होतात ही समजूत त्यांनी १६६८ साली साध्या प्रयोगाने खोडून काढली. एक बरणी उघडी, एक जाळीने झाकलेली. झाकलेल्या मांसावर अळ्या नाहीत, कारण माश्यांना तिथे अंडी घालता आली नाहीत. इतका चोख विचार करणारा माणूस, पण झाडाच्या गाठीतल्या किड्यांपाशी येऊन अडला. गाठ सगळीकडून बंद, आत किडा. मग तो आला कुठून? रेदींना वाटलं, झाडातल्या जीवशक्तीनेच तो निर्माण केला असावा. ज्याने आपोआप जन्माची समजूत मोडली, त्याने गाठीपुरती ती शिल्लक ठेवली. पुढे १६७९ साली मार्चेल्लो माल्पिगी यांनी गाठींवर स्वतंत्र प्रकरणच लिहिलं. कीटकाची मादी कोवळ्या भागात अंडं घालते, तिच्या स्रावामुळे झाड सुजतं आणि अंडं आत बंद होतं, असं त्यांनी निरीक्षणाने मांडलं. तपशील पुढे बदलले, पण माल्पिगींनी दाखवलेली दिशा बरोबर होती.

आज जे कळलं आहे ते असं. मादी कोवळं पान, कोवळी कळी शोधते. जून पानाचा उपयोग नसतो, कारण त्याच्या पेशींनी वाढ थांबवलेली असते. पान लुसलुशीत असतं तेव्हाचे थोडे दिवसच तिच्या हातात असतात. काही जातींमध्ये अंडं घालतानाच मादी जो द्राव सोडते त्याने काम सुरू होतं. वाळुंजाच्या जातीच्या झाडांवर गाठी करवणारी एक माशी अशी आहे. इतर पुष्कळ जातींमध्ये अंड्यातून निघालेलं पिल्लू चघळू लागतं, शोषू लागतं आणि त्याची लाळ पानात उतरते. मग तिथल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होतात, भराभर विभागतात आणि पिल्लाच्या भोवतीने वाढून त्याला पोटात घेतात. ओकच्या झाडावरच्या गाठी कापून पाहिल्या तर आतला थर मऊ आणि साखर-प्रथिनांनी भरलेला असतो. बाहेरचा थर टणक आणि तुरट असतो. आत जेवणघर, बाहेर तटबंदी. ही सगळी बांधणी झाडाच्या पेशींची. किड्याने स्वतःचा एक धागाही त्यात वापरलेला नसतो.

झाडाची वाढ ऑक्सिन आणि सायटोकायनिन या संप्रेरकांवर चालते. मूळ कुठे फुटायचं, पान किती रुंद व्हायचं, हे त्यांच्या कमीजास्त प्रमाणावर ठरतं. गाठी करवणाऱ्या काही कीटकांच्या अंगात हीच संप्रेरकं सापडली आहेत. वाळुंजाच्या त्या माशीची अळी ऑक्सिन स्वतः तयार करू शकते, असं जपानी संशोधकांनी २०१२ साली दाखवलं. पण एवढ्याने काम भागत नाही. नुसतं संप्रेरक टोचलं तर पान सुजेल. त्यातून दारं-भिंतींचं घर होणार नाही.

२०२१ साली या कोड्याची एक नवी चावी मिळाली. अमेरिकेत विच हेझल नावाचं झुडूप आहे. त्याच्या पानावर एक मावा टोपीसारख्या टोकदार गाठी करवतो. काही गाठी लाल असतात, काही हिरव्या, आणि कधी एकाच पानावर दोन्ही रंग दिसतात. पान तेच, झाड तेच, मग रंग वेगळा का? व्हर्जिनियातल्या जनेलिया संशोधन केंद्रात यावर काम झालं. ‘करंट बायॉलॉजी’मधल्या त्या शोधनिबंधावर पहिलं नाव ऐश्वर्या कोरगावकर यांचं आहे आणि शेवटचं डेव्हिड स्टर्न यांचं. त्यांनी दाखवलं की गाठीचा रंग माव्याच्या एका जनुकाशी जोडलेला आहे. माव्यात ते जनुक जोरात चालू असेल तर गाठ हिरवी, ते थंडावलेलं असेल तर लाल. आणि अशी जनुकं एक-दोन नाहीत, शेकडो आहेत. माव्याच्या लाळग्रंथीत त्यांची प्रथिनं बनतात. त्या प्रथिनांच्या रचनेवरून या कुटुंबाला ‘बायसिकल’ असं नाव दिलं आहे. शास्त्रज्ञही नाव ठेवताना गमती करतात, हे वाचून बरं वाटलं.

म्हणजे लाल रंग बनवतं झाडच, पण बनवायचा की नाही हे माव्याच्या लाळेवर ठरतं. मी हे माझ्या भाषेत असं समजून घेतलं. शाळेत आपण मुलांना शुद्धलेखन घालतो. बाई सांगतात, मुलं लिहितात. अक्षरं, शाई, कागद सगळं मुलांचं, मजकूर बाईंचा. तसं पेशी, साखर, रंग सगळं झाडाचं, मजकूर किड्याचा. म्हणून एका झाडावर दोन जातींचे कीटक आले तर दोन वेगळ्या घडणीच्या गाठी दिसतात, आणि एका जातीच्या सगळ्या गाठी एका साच्यातल्या. जाणकार माणूस किडा न पाहता नुसत्या गाठीवरून त्याची जात सांगतो. ‘बाई, एकसारखे कसे?’ या प्रश्नाचं उत्तर हे. त्यांना सांगणारा एकच होता.

रोगाने आलेली सूज आणि ही गाठ यांत म्हणूनच फरक करावा लागतो. झाडाला इजा होते, नाही असं नाही. पानाची साखर किडा खातो, पुष्कळ गाठी झालेलं पान पिवळं पडून लवकर गळतं. पण आमची ही सप्तपर्णी मी या सोसायटीत राहायला आल्यापासून, गेली बारा वर्षं, दर साल या पुटकुळ्या अंगावर घेऊन उभी आहे. दर साल नवी पानं काढते, दर साल शरदात फुलते. त्या उग्र वासाने काही जणांची डोकी दुखतात हे मला माहीत आहे. कागदावर रोगाचं कारण लिहिलं असलं तरी सह्या करणाऱ्यांपैकी दोघांची खरी तक्रार वासाबद्दल आहे, हेही माहीत आहे. तसं असेल तर तसं लिहा. वासाबद्दल बोलू, भांडू. झाडावर खोटा आळ कशाला?

आता दुसरी चूक, ‘लागण’. गाठी करवणारे बहुतेक कीटक फार चोखंदळ असतात. एका जातीच्या झाडाशी, फार तर त्याच्या सख्ख्या चुलत जातींशी त्यांचं जमतं. ज्याला सप्तपर्णीची भाषा येते त्याला आंब्याची येत नाही. तेव्हा आमच्या आवारातला आंबा, कडुनिंब आणि तगर यांना सप्तपर्णीपासून धोका नाही. आंब्याच्या पानावर जे मस्से आहेत ते त्याचे स्वतःचे आहेत. ते कुणाच्या नजरेस पडले नाहीत एवढंच.

आणि तिसरी चूक, ‘फवारावे’. किडा बंद खोलीत बसलेला. वरून मारलेलं औषध पानावर ओघळेल, भिंतीच्या आत जाणार नाही. बाहेर मात्र दुसरी मंडळी वावरत असतात. काही इवल्या गांधीलमाश्या या गाठी शोधत फिरतात, सुईसारखा अवयव गाठीत खुपसून आतल्या किड्यावर अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं त्या किड्याला खातात. मोठ्या गाठींत तर मूळ मालक, त्याच्या घरात घुसलेले पोटभाडेकरू आणि त्या दोघांना खाणारे, असा जुन्या वाड्यासारखा संसार असतो. फवारणीने आधी मरतील त्या या बाहेर फिरणाऱ्या माश्या. म्हणजे चोर घरात सुखरूप आणि पहारेकरी गारद. शिवाय खाली मुलं खेळतात, ते औषध त्यांच्या अंगावर पडणार ते वेगळंच.

इथपर्यंत वाचून माझ्या धाकट्या दिरांसारखे हिशेबी वाचक विचारतील, ‘पण वहिनी, या गाठींचा उपयोग काय?’ उपयोग विचारल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. तर ऐका. तुम्ही सगळ्यांनी एक गाठ चाटलेली आहे.

बाळगुटीच्या डब्यात हिरडा, वेखंड, मुरुडशेंग यांच्याबरोबर एक गोल, खडबडीत, मातकट फळ असतं. मायफळ. पोट बिघडलं की माझ्या सासूबाई सहाणेवर आईच्या दुधात त्याचे दोन वळसे उगाळायच्या. नाव फळ, पण ते फळ नाही. तुर्कस्तान, सीरिया, इराणकडच्या डोंगरांत एका जातीचा ओक होतो. त्याच्या कोवळ्या डहाळीवर एक बारीक गांधीलमाशी अंडं घालते आणि तिच्या अळीभोवती झाड जी गाठ धरतं, ते मायफळ. पुष्कळ मायफळांना सुईने पाडल्यासारखं एक भोक असतं. लहानपणी मला वाटायचं, दोरा ओवून टांगता यावं म्हणून दुकानदाराने ते पाडलं असेल. ते भोक म्हणजे पंख फुटलेल्या माशीने बाहेर पडताना कोरलेलं दार. आणि ज्याला भोक नाही ते व्यापारात जास्त मोलाचं, कारण माशी बाहेर पडायच्या आधी तोडलेल्या गाठीत तुरटपणा अधिक राहतो. (हल्लीचे डॉक्टर पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय बाळाला काही देऊ नका म्हणतात. ते बरोबर आहे, गुटीचं सामान काढून उगाळायला बसू नका.)

खोकल्यावरची काकडशिंगी तीही गाठच. हिमालयाच्या पायथ्याकडे पिस्त्याच्या नात्यातलं एक झाड होतं, त्याच्या पानांवर मावा या शिंगासारख्या पोकळ गाठी करवतो. आणि शाई! मायफळाचा काढा आणि हिराकस एकत्र केले की काळी, न पुसणारी शाई होते. युरोपात मध्ययुगापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत महत्त्वाचे कागद याच शाईने लिहिले जात. अमेरिकेचा १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा या शाईतला. बाखची संगीताची हस्तलिखितंही याच शाईतली, आणि शाईतल्या आम्लाने कागद खाल्ला गेल्यामुळे ती वाचवायला ग्रंथपालांना फार खटपट करावी लागली. एका माशीच्या घराने माणसाच्या लिहिण्याला इतकी शतकं शाई पुरवली.

उंबराचंही ऐका. उंबर फोडल्यावर आत केंबरं निघतात म्हणून आपण नाक मुरडतो. उंबर म्हणजे फुलांनी भरलेली बंद पिशवी. एक चिमुकली माशी आत शिरते, परागकण आणते आणि काही फुलांमध्ये अंडी घालते. ती फुलं बी धरण्याऐवजी गाठी होतात आणि त्यांत तिची पिल्लं वाढतात. उरलेली फुलं बी धरतात. काही फुलं माशीची, काही स्वतःची, असा हा जुना व्यवहार आहे. ही माशी नसेल तर उंबराला बी धरणार नाही.

आता दुसरी बाजू न सांगता गेले तर ते वकिलासारखं होईल. सगळ्या गाठी निरुपद्रवी नसतात. पूर्व विदर्भातल्या भातशेतकऱ्याला गादमाशी विचारा. तिची अळी भाताच्या फुटव्याच्या वाढत्या कोंबापाशी जाऊन बसते आणि त्या फुटव्याची एक चंदेरी पोकळ नळी होते. चंदेरी पोंगा म्हणतात त्याला. दिसायला सुरेख, पण त्या फुटव्याला लोंबी येत नाही. त्या शेतकऱ्यासमोर मी गाठींचं कौतुक करणार नाही. पांगाऱ्याचीही गोष्ट आहे. पांगाऱ्यावर गाठी करवणारी एक बारीक माशी शास्त्राने नोंदवली ती २००४ साली. पुढच्याच वर्षी ती हवाई बेटांवर पोचली आणि तिथल्या विलिविली नावाच्या देशी पांगाऱ्यांची झाडंच्या झाडं वाळून गेली, कारण तिला खाणारं तिथे कुणी नव्हतं. शेवटी टांझानियातून तिचा शत्रू असलेली दुसरी माशी आणून, तपासून, २००८ साली सोडली आणि मग प्रकोप ओसरला. आपल्याकडे केरळातही मिरीच्या वेलाला आधार देणाऱ्या पांगाऱ्यांना या माशीने सतावलं.

या दोन्ही गोष्टींतून मी घेते ते इतकंच: कोणती गाठ, कुणाची, कुठल्या झाडावर, हे आधी विचारावं लागतं. एका ‘रोग’ शब्दात सगळं कोंबून चालत नाही. आपण शाळेत काय शिकवलं? उपयुक्त कीटक आणि उपद्रवी कीटक, दोन रकाने आखा. मधमाशी डावीकडे, टोळ उजवीकडे. हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी मी मुलांना उपटून दाखवल्या आहेत, ‘हे आपले मित्र जिवाणू, नत्र देतात’ म्हणून फळ्यावर लिहिलं आहे. तीही बाहेरच्या जीवाने झाडाकडून बांधून घेतलेली गाठच होती. पण तिचा आपल्याला फायदा, म्हणून तिला मित्र म्हटलं. उंबराच्या पानावरच्या गाठीचा फायदा दिसेना, म्हणून हात धुवायला लावले. सप्तपर्णीच्या पुटकुळ्या या दोन रकान्यांपैकी कशातच बसत नाहीत. त्यांचं आपल्याशी काही देणंघेणं नाही. आणि या पृथ्वीवरचे बहुतेक जीव असेच आहेत, आपल्याशी देणंघेणं नसलेले. त्यांच्यासाठी तिसरा रकाना मी कधी आखला नाही, ही माझी शिक्षिका म्हणून खरी चूक. आज पुस्तकं पुष्कळ बदलली आहेत. पण मोठ्या माणसांच्या डोक्यातले दोन रकाने अजून तसेच आहेत, आणि ते सोसायटीच्या कागदावर सहीशिक्क्यासह उमटतात.

दिसायला खराब म्हणजे आजारी, आजारी म्हणजे काढून टाका, हा विचार झाडापुरता थांबत नाही, असं माझं मत आहे. माझ्या हातांवर वयाचे डाग आहेत, बोटांची पेरं सुजून गाठाळली आहेत. अजून तरी या हातांनी मी स्वतःचा चहा करते आणि हे टंकतेही. त्यामुळे ‘फोड दिसले, काढून टाका’ असं वाचलं की मला जरा लागतं. हसा खुशाल.

उद्या रविवार. सभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे. एक, फवारणी नको. दोन, गळलेली पानं झाडून आवाराच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाकावीत, जाळू नयेत. तीन, कुणाला खरोखरच झाड काढायचं असेल तर महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे आणि वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय फलकावरच्या कागदाने झाड तोडता येत नाही, हे आठवण म्हणून. मतदान काय होईल सांगता येत नाही. आमच्याकडे पार्किंगवरून लोक जास्त बोलतात.

पिशवीत दोन पानं, ब्लेड आणि भिंग ठेवलं आहे. मुलं सभेत आईवडिलांबरोबर येतात आणि कंटाळतात, त्यांना आधी बोलावून दाखवणार आहे. तुम्हीही आपल्या दारातल्या करंजाचं, आंब्याचं, उंबराचं एखादं पान उलटसुलट करून बघा आणि काय दिसलं ते मला जरूर कळवा. उद्या एखाद्या पोराने विचारलं, “आजी, हे सगळे एकसारखे कसे?” तर त्याला हात धुवायला पाठवणार नाही. शेजारी बसवून घेईन आणि ब्लेड मात्र माझ्याच हातात ठेवीन.